वाइसोमोची सार्वजनिक गोळी

वाइसोमोत माणूस कशानं आजारी आहे हे ठरवायला डॉक्टर लागत नाही. गुडघा दुखला, साखर. डोळ्यांपुढे अंधारी आली, साखर. बाई नवऱ्यावर खेकसली तर साखर चढली, आणि नाही खेकसली तर साखर उतरली. चाळिशी उलटलेल्या निम्म्या बायकांना ती खरोखरच आहे, उरलेल्या निम्म्यांनी तपासून घेतलेली नाही, त्यामुळे गावाचं निदान सहसा चुकत नाही. चुकतं तेव्हा ते कळायला दोन वर्षं लागतात, इतकंच.

उनाइसीच्या बाबतीत तेवढी लागली.

उनाइसी छप्पन्न वर्षांची. गावात तिला कोणी नावानं फारसं ओळखत नाही. 'पहिला आवाज' म्हणतात. रविवारी पाद्री यायच्या आधी आमच्याकडे पोक्त बायका चर्चमध्ये चटईवर बसून धर्माचे प्रश्न आणि उत्तरं गाऊन म्हणतात. पुस्तकात कोणी बघत नाही, पेटी नाही, काही नाही. एक बाई पहिली ओळ उचलते, दुसरी तिला अर्ध्या वाटेत गाठून झील धरते, आणि मग बाकीच्या खालून भरणा करतात. ओळ उचलणारी चुकली तर सगळ्या जणी तिच्यामागून खड्ड्यात जातात. उनाइसीच्या सासूनं मरायच्या आधी हा पहिला आवाज तिच्या हवाली केला होता, आणि झील धरायला तिची मावसबहीण लावेनिया होती. दोघी खाडीपलीकडच्या एकाच गावच्या, एकाच वर्षी लग्न होऊन इथं आल्या. तीस वर्षं एकमेकींना खेटून बसत होत्या. लावेनिया दोन वर्षांनी मोठी, म्हणून उनाइसी तिला ताई म्हणायची. लावेनिया कमी बोलायची आणि काही मागायची नाही. अशा माणसाला गावात सगळे फार चांगलं म्हणतात आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी उनाइसीला थंडी वाजायला लागली. फिजीतल्या कांदावू बेटावर थंडी! अंगणात बसलं तरी घामाच्या धारा लागतात, आणि ही बाई नवऱ्याची जुनी रग्बीची जर्सी अंगात घालून हिंडायची. मग तोंड सुजलं. कातडी खरखरीत झाली. केतकीच्या पानांची एक चटई तिनं विणायला घेतली होती, ती आठ महिने अर्धीच पडून राहिली. नवरा साकिउसा भला माणूस. त्यानं आठ महिन्यांत तिला एकदाही बोल लावला नाही, नुसता त्या चटईच्या कडेकडेनं चालायचा.

"जाऊबाई, हल्ली बसल्या जागी झोपता म्हणे?" धाकटी जाऊ किनिसिमेरे विचारायची. किनिसिमेरेचा आवाज चांगला होता आणि तो चांगला आहे हे तिला फार आधीपासून ठाऊक होतं.

"थकायला होतं गं."

"साखर. कामाला लागा म्हणजे उतरेल. माझी आई म्हणायची, आळशाच्या रक्ताला मुंग्या लवकर लागतात."

आमच्याकडे बाईला चोर म्हटलं तर चालेल, आळशी म्हणू नये. उनाइसी त्या दिवशी न जेवता तीन तास गवत उपटत बसली आणि संध्याकाळी चर्चच्या पायरीवर घेरी येऊन पडली. म्हणजे परत साखरच.

दवाखान्यात सिस्टर तोरिका होती. वय सव्वीस, राजधानी सुवाहून बदली होऊन आलेली, अंगावर कडक इस्त्री. ती वाईट नव्हती. तिच्या हाताखाली चार गावं, एक रक्तदाबाचं यंत्र आणि एक रागावण्याची पद्धत होती, आणि त्यातलं यंत्र बंद होतं.

"मावशी, खरं सांगा. काय खाता?"

"उकडलेला कसावा. मासा. पालाभाजी."

"बाबाकाऊ?"

तेलात तळलेल्या त्या गोळ्यांचं नाव काढल्यावर आमच्यातलं कोणीही खोटं बोलू शकत नाही. "रविवारीच," उनाइसी म्हणाली.

"बघा! म्हणजे खाता." आणि सिस्टरनं साखरेची गोळी वाढवून दिली. वाढवलेल्या गोळीनं साखर घसरायला लागली, हात कापायचे, दरदरून घाम यायचा, की शेजारच्या बायका धावत येऊन चार चमचे साखर घातलेला चहा पाजायच्या. मग तपासणीला साखर चढलेली निघायची. मग सिस्टर रागवायची. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसा हा कारभार दीड वर्ष सुरळीत चालला.

आणि एवढ्यात आवाज गेला. एकदम नाही. आधी वरची पट्टी लागेना, मग मधली. मग तो इतका घोगरा झाला, की ती घरातून "कोण आहे?" म्हणाली तर लोक साकिउसाला हाक मारायचे. उनाइसीला सुजलेल्या तोंडाचं काही वाटत नव्हतं. आवाजासाठी मात्र ती आतल्या आत मरत होती. सप्टेंबरात सगळ्या मंडळाचा मेळावा असतो, सात गावांच्या बायका गायला बसतात आणि पंच नंबर काढतात. त्या वर्षी पाद्रीच्या बायकोनं, म्हणजे पाद्रीबाईंनी, गोड शब्दांत सांगितलं, "यंदा तू जरा आराम कर. पुढच्या वर्षीही सुधारणा नसेल, तर पहिला आवाज किनिसिमेरेकडे देऊन टाकू. कायमचाच." मेळाव्यात कशीबशी वेळ निभावली ती लावेनियामुळे. किनिसिमेरेनं ओळ उचलली, तिसऱ्या प्रश्नाला ती भरकटली, आणि लावेनियानं झील इतकी लवकर धरली की कोणाला काही कळलं नाही. त्याबद्दल किनिसिमेरेचं फार कौतुक झालं.

फेब्रुवारीत डॉक्टर लोकांची बोट आली. वर्षातून एकदा येते. तीन तासांत ऐंशी माणसं तपासायची आणि भरतीच्या आत निघायचं. पायाला जखम आहे का बघतात, डोळ्यांत उजेड टाकतात, 'गोड कमी खा' म्हणतात, संपलं. उनाइसी पाय पुढं करूनच बसली. दुसऱ्या बेटावरच्या लंबासाकडची, भारतीय घरातली एक तरुण डॉक्टर होती, आर्तिका नावाची, आमची भाषा आमच्याइतकीच फर्डी बोलणारी. तिनं पायाकडे बघितलंच नाही. ती तोंडाकडे बघत बसली.

"मावशी, भुवया कुठं गेल्या तुमच्या? बाहेरच्या बाजूच्या?"

"गेल्या असतील," उनाइसी म्हणाली. "वय झालं."

डॉक्टरनं गळ्यावर बोटं ठेवली. "गिळा. परत गिळा. आवाज पहिल्यापासून असाच आहे का?"

दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. उनाइसीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ती रडायलाच लागली, ऐंशी माणसांच्या रांगेपुढे. तिला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

"ही सगळी साखर नाही," डॉक्टर म्हणाली. "गळ्यातली ग्रंथी मंद झाली असावी, थायरॉइड. साखरवाल्यांच्या घरी हा पाहुणा बऱ्याचदा येतो. रक्त नेते सुवाला. एक साधी तपासणी आहे."

सिस्टर तोरिका शेजारी उभी होती. तिनं त्या वेळी औषधाचं कपाट आवरायला घेतलं.

रक्त बोटीनं गेलं आणि निकाल पाच आठवड्यांनी आला. दोन बोटी रद्द झाल्या आणि तिसरीवर कागद सापडेना. ग्रंथी खरंच झोपली होती. तीन महिन्यांच्या गोळ्यांची बाटली आली. रोज पहाटे एक, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. पुढचा तासभर चहा नाही, बिस्किट नाही. गोळी एवढीशी, मसुराच्या डाळीएवढी.

"ही?" साकिउसा म्हणाला. "मला वाटलं, एवढ्या दुखण्याला काहीतरी मोठं असेल."

पहिले पंधरा दिवस काही झालं नाही आणि गावानं माना डोलावल्या. महिन्यानं जर्सी निघाली. सहा आठवड्यांनी चटई सरकायला लागली. जूनमधल्या एका रविवारी उनाइसीनं पहिली ओळ उचलली आणि ती थेट चर्चच्या पत्र्याला जाऊन लागली. बायका रडल्या. म्हातारे चटईवर हात आपटून शाबासकी देत राहिले. सगळं गाव उनाइसीचा आवाज ऐकत होतं, त्यामुळे झील जरा जड पडली हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

इथपर्यंत कथा सुखाची आहे. आता गाव आत येतं.

सोमवारी किनिसिमेरे आली. हातात पिकलेल्या पपया. रिकाम्या हातानं आलेलं माणूस परवडतं. पपया घेऊन आलेलं महागात पडतं.

"जाऊबाई, किती बारीक दिसताय! अंग कसं उतरलं! चालणं बघितलं तर वाटतं, सोळा वर्षांची पोरगी चालली."

"त्या गोळीचा गुण."

"तेच म्हणते मी." किनिसिमेरेनं हात जोडून हळूच तीन टाळ्या वाजवल्या. "केरेकेरे, जाऊबाई. थोड्या मला. माझंही अंग फार सुटलंय."

आता केरेकेरे म्हटल्यावर बोलणं संपतं. ती भीक नव्हे आणि उसनवारीही नव्हे. आज तू माग, मी देते, उद्या मी मागीन. होडी मागा, डुक्कर मागा, अंगावरचा सदरा मागा. न देणाऱ्याला गाव वाईट म्हणत नाही. गाव त्याला काहीच म्हणत नाही, बोलणंच बंद होतं. उनाइसीनं जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतं. तिनं बाटली उघडली आणि दहा गोळ्या केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधून दिल्या.

मंगळवारी पाद्रीबाई आल्या. त्यांनी दहा मागितल्या नाहीत, त्या देवाच्या माणूस, त्यांना वीस लागल्या. बुधवारी त्यांची बहीण आली, मग रग्बी खेळणाऱ्या एका पोराची आई, मग ती आई जिच्याकडे बसायची ती बाई. जुलैत नवीन बाटली आली ती धक्क्यावरून घरी येईपर्यंत निम्मी झाली. एक गंमत सांगून ठेवतो. साखरेच्या गोळ्या आमच्या गावात प्रत्येक घरी असतात, डब्यात, जशाच्या तशा, आणि त्यांच्यासाठी आजतागायत कोणी कोणाला केरेकेरे घातलेलं नाही.

औषधाचा गुण गावभर दिसायला लागला. किनिसिमेरेचे हात कापायला लागले, चहाची कपबशी तिच्या हातात वाजायची. पाद्रीबाईंच्या बहीणबाईंना दिवसातून सहा वेळा परसाकडे पळावं लागायचं, आणि त्या प्रत्येक फेरीला म्हणायच्या, "चरबी चाललीये!" पाद्रीबाईंची छाती धडधडायला लागली. त्यांनी हा पवित्र आत्म्याचा संचार मानला आणि प्रार्थनासभेत उभं राहून साक्ष दिली. सभेतल्या चौघींनी सभा संपल्यावर थेट उनाइसीचं घर गाठलं. त्यांनाही संचार हवा होता.

बाटली रिकामी झाली. पुढची ऑक्टोबरात यायची होती.

उनाइसीनं कोणाला सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार? सिस्टरला सांगावं तर सरकारी औषध वाटलं म्हणून बोलणी, गावाला सांगावं तर दिलेलं मोजून दाखवल्यासारखं होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. या बाईच्या घरी दोघी नांदायला आल्या होत्या. तीन आठवड्यांत जर्सी पेटीतून बाहेर आली. चौथ्या आठवड्यात आवाजात खरखर आली, आणि किनिसिमेरे फार काळजीच्या स्वरात विचारायला लागली, "मेळाव्याला जमेल ना तुम्हाला? नाहीतर मी आहेच." ज्या गोळीनं जाऊबाईंचा आवाज परत आला, ती तिच्याच पोटात गेली होती, पण हे जोडून बघायची तिला गरज वाटली नाही.

ऑगस्टच्या मध्यात खाजणात खेकडे धरताना उनाइसी चिखलात बसली ती उठेना. चार बायकांनी तिला फळीवर घालून दवाखान्यात आणलं.

सिस्टर तोरिकानं रक्त बघितलं, नाडी बघितली, गळा बघितला. सहा महिन्यांत ती शिकली होती, हे मान्य करायला हवं. "मावशी, गळ्याची गोळी चालू आहे?"

"आहे."

"बाटली दाखवा."

"घरी आहे."

"मी येते घरी."

 मग उनाइसीनं सगळं सांगितलं, नावं सोडून. नावं सांगायची गरज नव्हती, सिस्टरच्या पडवीत धडधड घेऊन आलेल्या बायका रोज रांगेला होत्या आणि त्यांच्या कागदावर ती इमानेइतबारे 'साखर?' असं लिहीत होती.

"वाटल्या?" सिस्टर ओरडली. "मावशी, ही काय यांगोना प्यायची वाटी आहे गोलात फिरवायला? पाद्रीबाईंचं हृदय बंद पडलं असतं! आणि तुम्ही? आणखी दोन महिने असेच काढले असतेत तर मी तुम्हाला फळीवरून सरळ कबरीत पोचवलं असतं!"

"केरेकेरे घातलं त्यांनी."

"मग नाही म्हणायचं!"

"तू म्हटलंयस कधी?"

 सिस्टरनं डॉक्टर आर्तिकाला फोन लावला, गुरुवारच्या बोटीनं नवी बाटली मागवली, आणि ती उनाइसीच्या हातात देताना जपासारखं शिकवलं: कोणीही मागो, काहीही घेऊन येवो, म्हणायचं 'नाही'. एक शब्द. पुढे काही जोडायचं नाही, हसायचं नाही, "पुढच्या वेळी बघू" तर अजिबात म्हणायचं नाही.

उनाइसीनं तो शब्द आधी डुकरावर घोकला. डुकराला वाईट वाटलं नाही. मग किनिसिमेरे आली, या वेळी अननस घेऊन. "नाही," उनाइसी म्हणाली. किनिसिमेरे हसली, तिला वाटलं थट्टा आहे. "नाही." अननस परत गेला. पाद्रीबाई आल्या आणि आल्या तशा गेल्या. गावात कुजबुज झाली, दोन घरांनी जाता-येता हाक मारणं सोडलं. पण उनाइसीला आश्चर्य वाटत होतं की आभाळ कोसळलं नाही. उलट त्या शब्दाची तिला हळूहळू गोडी लागली. छप्पन्न वर्षं उपाशी ठेवलेल्या माणसाला जेवण दिल्यावर काय होतं, तसं झालं. साकिउसानं मीठ मागितलं तरी ती नाही म्हणायची आणि मग मीठ द्यायची.

चार आठवड्यांत आवाज बराचसा परतला. मेळावा पाच दिवसांवर आला.

त्या मंगळवारी लावेनिया आली. तिच्या अंगात लेकाचं जाड स्वेटर होतं. हातात स्वतःच्या परसातल्या पालाभाजीची जुडी. ती दाराजवळ बसली, पुढे आली नाही. थोडा वेळ मेळाव्याचं बोलली. हल्ली ती बोलताना मध्येच थांबायची.

"थंडी वाजते की काय तुला, ताई?" उनाइसी हसून म्हणाली. "म्हातारी झालीस."

"झाले असेन." मग लावेनियानं हात जोडून हळूच टाळ्या वाजवल्या. तिला हे जमत नव्हतं, सवय नव्हती. "केरेकेरे, उनाइसी. एक-दोन गोळ्या. मेळाव्यापुरत्या. झील लागत नाही मला अलीकडे."

"नाही," उनाइसी म्हणाली.

छान जमलं होतं. पुढे काही जोडलं नाही, हसली नाही. लावेनियानं मान डोलावली, जुडी तिथंच ठेवली आणि उंबऱ्याला धरून सावकाश उठली. संध्याकाळी उनाइसीनं ती भाजी नारळाच्या दुधात शिजवली आणि नवऱ्याला अभिमानानं सांगितलं, "आज ताईलासुद्धा नाही म्हटलं बघ." साकिउसा जेवता जेवता थांबला. "लावेनियानं मागितलं?" त्यानं विचारलं. "तिनं?" उनाइसीला त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

मेळाव्याला सात गावं जमली. मंडप, केतकीच्या चटया, सगळ्यांचे पांढरे झगे. वाइसोमोच्या बायका तिसऱ्या बसल्या. उनाइसीनं पहिला प्रश्न उचलला. आवाज स्वच्छ लागला, वर गेला, आणि ती अर्ध्या वाटेत झील यायची वाट बघत राहिली. झील उशिरा आली. दुसऱ्या प्रश्नाला आणखी उशिरा. उनाइसीला राग आला, मेळाव्याच्याच दिवशी! तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. लावेनियाचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि जे बाहेर येत होतं ते जाड, खरखरीत, दोन ओळींमागे फरफटत चाललेलं काहीतरी होतं.

तो आवाज उनाइसीच्या ओळखीचा होता. दोन वर्षं तो तिच्याच गळ्यात राहिला होता.

डॉक्टरला बोटांनी गळा चाचपावा लागला होता. हिला कानांनीच कळलं. कळलं आणि आपल्या दाराशी तिला म्हटलेला 'नाही' आठवला. तिसरा प्रश्न उचलायचा होता. सात गावं ऐकत होती, पंच ऐकत होते, मागे किनिसिमेरे टपून बसली होती. उनाइसीनं ओळ उचलली ती खाली, चार पायऱ्या खाली, जिथं त्या फाटक्या आवाजाला हात पोचेल तिथं. लावेनियानं ती पकडली. उरलेले नऊ प्रश्न दोघींनी तिथंच, जमिनीलगत काढले. मागच्या बायकांना एवढ्या खाली जायला जागाच उरली नाही आणि त्या नुसत्या गुरगुरत राहिल्या. वाइसोमो सातवं आलं, आणि आठवं गाव नव्हतं म्हणूनच सातवं.

"तीस वर्षांत अशी शोभा झाली नव्हती!" किनिसिमेरे होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलत होती. "जाऊबाई, पुढच्या वर्षी तुम्ही मागं बसा."

"बसते," उनाइसी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लावेनियाच्या हाताला धरून दवाखान्यात गेली. दुसऱ्या हातात यांगोनाच्या मुळांची जुडी, मोठं मागणं मागायला जाताना नेतात तशी.

"हिचं रक्त काढ."

सिस्टर तोरिकानं कागद चाळले. "मावशी, लावेनियामावशींना नऊ वर्षं साखर आहे. वयही झालं. थकवा येणारच."

"हे तू मला दीड वर्ष ऐकवलंस. आता माझ्या बहिणीला ऐकवू नकोस. स्वेटर बघ तिचं. भुवया बघ."

"डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी सुवाला रक्त पाठवलं तर मला बोलणी बसतील."

उनाइसी खाली बसली. मुळांची जुडी सिस्टरच्या पायांपुढे ठेवली, हात जोडून टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "केरेकेरे."

सिस्टरनं दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. तिनं स्वतः शिकवलेला एक शब्द होता, फक्त तो म्हणायचा होता. "हे बरोबर नाही हं, मावशी," ती म्हणाली.

"नाहीच मुळी. काढ रक्त."

निकाल या वेळी चार आठवड्यांत आला. आकडा उनाइसीच्या दुप्पट वाईट होता. सिस्टरनं बाटली लावेनियाच्या हातात दिली, पहाटे, रिकाम्या पोटी, सगळं दोनदा सांगितलं, आणि खरं म्हणजे तिला तोंड वर करवत नव्हतं.

दोघी किनाऱ्याच्या वाटेनं परत निघाल्या. लावेनिया दर दहा पावलांवर थांबायची, मग उनाइसीही थांबायची.

"कधीपासून होतंय तुला हे?" उनाइसीनं विचारलं.

"गेल्या वर्षीच्या मेळाव्यानंतर. तुझ्यामागून थोडंच."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस, ताई? एवढे दिवस?"

लावेनियानं दम घेतला. "बोलायचं काय त्यात? दर रविवारी तुझ्या शेजारी बसून गात होते की. मला वाटलं, तुला ऐकू येत असेल."

ती हे रागानं म्हणाली नाही.